निकाल लागला आणि न्यायाधिकरणच गेलं: सॅडेक कराराचं एक प्रकरण

झिंबाब्वेच्या चेगुटू जिल्ह्यातलं माउंट कार्मेल हे आंब्याच्या आणि लिंबूवर्गीय फळांच्या बागांचं मोठं शेत. मालक माइक कॅम्पबेल, गोरे शेतकरी. शेत त्यांच्याकडे १९७४ पासून होतं. १९९९ साली सरकारने 'या जमिनीत आम्हाला रस नाही' असं लेखी कळवलं आणि मालकी हक्काचं हस्तांतर रीतसर पूर्ण झालं. सहा वर्षांनी, सप्टेंबर २००५ मध्ये, देशाच्या राज्यघटनेत १७ वी दुरुस्ती झाली. राजपत्रातल्या यादीत ज्या ज्या शेतजमिनींची नावं होती, त्या सगळ्या त्या दुरुस्तीने सरकारजमा झाल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर फेरफार न होताच सातबाऱ्यावरचं नाव उडालं.

कॅम्पबेल देशातल्या न्यायालयांत गेले आणि नंतर सॅडेक या संघटनेतल्या शेजारी देशांनी मिळून नामिबियाच्या विंडहुक शहरात स्थापन केलेल्या सामाईक न्यायाधिकरणात गेले. तिथे २८ नोव्हेंबर २००८ रोजी ते जिंकले. त्यानंतर चार वर्षांच्या आत त्या न्यायाधिकरणाचं सामान्य माणसासाठीचं दार कायमचं बंद करायचं ठरलं, आणि ते ठरवलं ज्यांनी ते बांधलं होतं त्याच राष्ट्रप्रमुखांनी. कॅम्पबेल तोवर वारले होते.

शेजारी देश एकत्र येऊन कायदा आणि संस्था कशा उभारतात हे शिकवताना सहसा युरोपचं उदाहरण दिलं जातं, कारण तिथे जोडकाम टिकलं. पण यंत्र समजून घ्यायला बिघडलेलं यंत्र जास्त उपयोगी पडतं. विंडहुकच्या प्रकरणात कराराची कलमं वाचत गेलं की नेमका कुठला खिळा सैल होता ते बोट ठेवून दाखवता येतं.

करार कसा जोडला होता

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या नऊ देशांनी १९८० साली लुसाकात एक सहकार्य परिषद काढली. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवरचं अवलंबित्व कमी करणं हा तिचा हेतू. रेल्वे, बंदरं, वीज अशा कामांपुरतं ते सहकार्य होतं. त्याला कायद्याचं अंग जवळजवळ नव्हतं. १७ ऑगस्ट १९९२ रोजी विंडहुकमध्ये नवा करार झाला आणि या परिषदेचा दक्षिण आफ्रिकी विकास समुदाय, म्हणजे सॅडेक, झाला. दक्षिण आफ्रिका हा देश स्वतः १९९४ मध्ये आत आला. मुख्यालय बोट्स्वानातल्या गॅबरोनला. आज १६ सदस्य आहेत.

या करारातली चार कलमं लक्षात ठेवली की पुढचं सगळं उलगडतं. कलम ४ मध्ये तत्त्वं आहेत आणि त्यांतल्या 'क' खंडात मानवी हक्क, लोकशाही आणि कायद्याचं राज्य हे शब्द आहेत. कलम ६(२) भेदभावाला मनाई करतं, त्यात वंशही आला. कलम १६ न्यायाधिकरण स्थापन करतं आणि त्याचे निर्णय अंतिम व बंधनकारक असतील असं म्हणतं. कलम १० म्हणतं की समुदायाची सर्वोच्च संस्था राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद, आणि तिचे निर्णय सहमतीने होतील.

सहमतीने म्हणजे आरोपी देशही खोलीत बसलेला असताना, त्याच्यासकट. हा शब्द १९९२ साली कुणाला खटकला नसणार. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांना बहुमताने आपल्यावर काही लादलं जाईल ही भीती खरीखुरी होती. आपल्या सार्क सनदेतही हेच आहे: निर्णय एकमताने, आणि दोन देशांमधले वादग्रस्त विषय चर्चेच्या बाहेर. फरक इतकाच की सार्कने न्यायालय काढलंच नाही, त्यामुळे ते मोडायची वेळ आली नाही.

न्यायाधिकरणाचा तपशील एका वेगळ्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे पूरक करारात होता. तो २००० साली झाला. निदान दहा न्यायाधीश, त्यांतले पाच नियमित आणि उरलेले गरज पडेल तसे. मुदत पाच वर्षं, पुन्हा एकदा नेमता येण्याजोगी. कलम १५ प्रमाणे केवळ देशच नव्हे तर माणसं आणि कंपन्याही कुठल्याही सदस्य देशाविरुद्ध दाद मागू शकत. दुसऱ्या बाजूची संमती लागत नसे. अट एकच: आधी आपल्या देशातले सगळे कायदेशीर उपाय करून झाले पाहिजेत, किंवा ते करणं अशक्य तरी असलं पाहिजे.

सॅडेकचे प्रोटोकॉल एरवी दोन तृतीयांश देशांच्या संसदांनी मान्यता दिल्यावर लागू होतात, आणि फक्त मान्यता देणाऱ्यांनाच बांधतात. या हिशेबाने न्यायाधिकरण वर्षानुवर्षं कागदावरच राहिलं असतं. म्हणून २००१ मध्ये मूळ करारच दुरुस्त केला: हा प्रोटोकॉल कराराचा अविभाज्य भाग समजावा, वेगळी मान्यता नको. वेळ वाचला, पण पुढे वादाला कारण मिळालं. वकिली व्यवहारात असे आडमार्ग नेहमी घेतले जातात आणि बहुतेक वेळा निभावतात. वाद लागला की मात्र समोरचा पहिला हात तिथेच घालतो.

ऑगस्ट २००५ मध्ये न्यायाधीश नेमले गेले, नोव्हेंबरमध्ये शपथविधी झाला. झिंबाब्वेनेही आपल्याकडची एक न्यायाधीश पाठवली होती. न्यायाधिकरणासाठी विंडहुकची टर्नहाले ही जर्मन राजवटीतली जुनी व्यायामशाळा दुरुस्त करून दिली गेली. नामिबियाच्या घटनात्मक वाटाघाटी सत्तरच्या दशकात याच इमारतीत झाल्या होत्या. सुरुवातीला कामच नव्हतं. पहिला खटला २००७ चा, तोही सॅडेक सचिवालयाविरुद्ध नोकरीच्या वादाचा. कॅम्पबेल यांच्या अर्जाचा क्रमांक २/२००७, म्हणजे दुसरा.

अर्ज ते निकाल

१७ व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम १६ब तीन गोष्टी करत होतं. यादीतली शेतजमीन राज्याच्या मालकीची झाली. जमिनीची भरपाई नाही. विहिरी, बांधकामं, बागा अशा सुधारणांची तेवढी मिळेल. आणि तिसरी, सर्वांत कडक: संपादनाविरुद्ध कुणीही न्यायालयात जाऊ नये. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने परवानगीशिवाय त्या जमिनीवर राहणं हा फौजदारी गुन्हा ठरला.

भारतीय वाचकाला इथे राज्यघटनेचं नववं परिशिष्ट आठवेल. जमीन सुधारणांचे कायदे न्यायालयाच्या हाताबाहेर ठेवायला आपणही तीच युक्ती केली. पण महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यावरून निघालेल्या वामनराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ नंतर त्या परिशिष्टात घातलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील असं ठरवलं. झिंबाब्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी फट ठेवली नाही. कॅम्पबेल यांनी २००६ मध्ये १६ब ला आव्हान दिलं, मार्च २००७ मध्ये सुनावणी झाली, निकाल राखून ठेवला गेला आणि जानेवारी २००८ मध्ये याचिका फेटाळली गेली.

या राखून ठेवलेल्या निकालाच्या काळातच, ११ ऑक्टोबर २००७ रोजी, विंडहुकला अर्ज दाखल झाला. १३ डिसेंबरला अंतरिम आदेश आला: अंतिम निर्णयापर्यंत त्यांना हुसकावू नये, राहण्यात आणि शेतीत अडथळा आणू नये. मार्च २००८ मध्ये आणखी ७७ जणांना सामील करून घेतलं गेलं. एकूण अर्जदार ७९.

झिंबाब्वेचा पहिला मुद्दा कायद्याच्या अंगाने कच्चा नव्हता. करारात तत्त्वं आणि उद्दिष्टं आहेत, पाळायची मानकं नाहीत. मानवी हक्कांवर सॅडेकचा प्रोटोकॉल नाही, जमीन सुधारणांवरही नाही. मग न्यायाधिकरण मोजणार कशाने? न्यायाधिकरणाने प्रोटोकॉलचं कलम २१ पुढे केलं. त्यात न्यायाधिकरणाने करारांचा आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सर्वसाधारण तत्त्वांचा विचार करून समुदायाचा स्वतःचा न्यायविचार घडवावा असं म्हटलं आहे. कलम ४(क) मधले शब्द सदस्यांना बांधतात आणि त्यांचा अर्थ लावायला वेगळा प्रोटोकॉल लागत नाही, असा निष्कर्ष निघाला. शेजारी देशांचा सामाईक कायदा प्रत्यक्षात असा तयार होतो. करार करणारे मोघम शब्द ठेवतात, कारण नेमक्या शब्दांवर सगळे सही करत नाहीत. मग कुणीतरी अर्जदार येतो आणि न्यायाधीशांना त्या शब्दांना धार लावावी लागते. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १९६३ मध्ये डच कंपनीच्या सीमाशुल्काच्या खटल्यात, फान गेंड एन लोस प्रकरणात, हेच केलं. पण तिथे विषय एका रसायनावरच्या आयातकराचा होता. इथे तो जमिनीचा होता.

दुसरा मुद्दा देशांतर्गत उपायांचा. त्याचं उत्तर सोपं होतं. घटनाच न्यायालयात जायला मनाई करते, तेव्हा संपवायला उपाय उरलेलाच नाही.

निकाल पाच न्यायाधीशांचा, अध्यक्ष मॉरिशसचे अरिरांगा पिल्ले. अधिकारक्षेत्र आहे, एकमताने. अर्जदारांना न्यायालयाचं दार नाकारलं गेलं, एकमताने. वांशिक भेदभाव झाला, चार विरुद्ध एक. बोट्स्वानाचे न्यायमूर्ती त्शोसा यांचं मत वेगळं पडलं, कारण त्यांच्या मते दुरुस्तीचा रोख जमिनीवर होता, वर्णावर नव्हता. योग्य भरपाई द्यावी, हेही ठरलं; आधीच हुसकावलेल्या तिघांना ३० जून २००९ पर्यंत. देशाचा अंतर्गत कायदा दाखवून आंतरराष्ट्रीय बंधन टाळता येत नाही, हे करारांच्या कायद्याविषयीच्या व्हिएन्ना कराराचं २७ वं कलम इथे वापरलं गेलं.

बातम्यांमध्ये सहसा न येणारा एक भाग निकालात आहे. बहुमताने म्हटलं की निकष वाजवी आणि वस्तुनिष्ठ असते, भरपाई दिली असती, आणि जमीन खरोखर गरीब, भूमिहीन, वंचितांकडे गेली असती, तर गोऱ्या शेतकऱ्यांवर जास्त भार पडला तरी त्याला वांशिक भेदभाव म्हटलं नसतं. म्हणजे हा निकाल जमीन सुधारणांच्या विरोधात नव्हता, जमीन ज्या पद्धतीने वाटली गेली तिच्या विरोधात होता. गोऱ्या अल्पसंख्याकांकडे चांगल्या जमिनीचा प्रचंड हिस्सा वसाहतीतून आला होता, आणि १९७९ च्या लँकेस्टर हाउस तडजोडीने पहिली दहा वर्षं 'विकायला राजी असेल त्याच्याकडून विकत घ्या' एवढाच मार्ग ठेवला होता. ही कोंडी खरी होती. पण निकालातला हा बारकावा वर्तमानपत्रांच्या मथळ्यात मावला नाही. प्रदेशात गेला तो संदेश असा, की विंडहुकचे न्यायाधीश गोऱ्यांच्या जमिनी वाचवतात.

पुढच्याच वर्षी लागलेल्या टेंबानी खटल्याकडे मग कुणाचं लक्ष गेलं नाही. ल्यूक टेंबानी हे काळे व्यावसायिक शेतकरी. सरकारी शेती कर्जसंस्थेने त्यांचं शेत न्यायालयात न जाता विकलं होतं, कारण तिच्या कायद्यात तशी मुभा होती. १४ ऑगस्ट २००९ रोजी तेही जिंकले, जवळपास त्याच तर्कावर: स्वतःच्या दाव्याचा न्याय स्वतःच करायची मुभा कुठल्याही संस्थेला नाही, मधे न्यायालय हवं.

बजावणीची साखळी

निकालाची अंमलबजावणी कशी व्हायची हे प्रोटोकॉलच्या कलम ३२ मध्ये आहे. ते सावकाश वाचायला हवं, कारण सगळं नुकसान तिथून झालं.

पहिली कडी: परदेशी न्यायालयाचा निकाल नोंदवून घेण्याची जी दिवाणी पद्धत त्या त्या देशात असेल, तिच्याप्रमाणे न्यायाधिकरणाचा निकाल बजावला जाईल. दुसरी कडी: देशांनी लगेच सर्व आवश्यक पावलं उचलावीत. तिसरी: पाळलं नाही तर कुठलाही पक्षकार पुन्हा न्यायाधिकरणाकडे येऊ शकतो. चौथी: पाळलं नाही असं सिद्ध झालं तर न्यायाधिकरण ते शिखर परिषदेला कळवेल आणि परिषद योग्य ती कारवाई करेल.

पहिल्या कडीतली खोट 'परदेशी' या शब्दात होती. परदेशी निकाल नोंदवताना जगातलं जवळपास प्रत्येक न्यायालय एक हुकमी पत्ता हातात ठेवतं: हा निकाल आमच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का? २६ जानेवारी २०१० रोजी हरारेच्या उच्च न्यायालयात, हाच निकाल नोंदवून घेण्यासाठी आलेल्या ग्रामारा प्रकरणात, न्यायमूर्ती भरत पटेल यांनी तोच पत्ता टाकला. गंमत अशी की अधिकारक्षेत्राबद्दलचं सरकारचं म्हणणं त्यांनी मान्य केलं नाही. न्यायाधिकरण वैध आहे, झिंबाब्वे त्याला बांधील आहे, इथपर्यंत ते अर्जदारांच्या बाजूने आले. पण निकाल नोंदवला तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाला आणि घटनेला छेद जाईल, हजारो शेतांचं वाटप उलटं फिरवावं लागेल. म्हणून नोंदणी नाकारली. करार देशाच्या कायद्यात उतरवायचं बंधन सॅडेक कराराच्या कलम ६ मध्ये होतं, पण झिंबाब्वेच्या घटनेप्रमाणे संसदेने वेगळा कायदा केल्याशिवाय करार देशाचा कायदा होत नाही, आणि तो कायदा झालेला नव्हता.

कॅरिबियन देशांनी २००१ च्या करारात ही फट आधीच बुजवली होती. तिथल्या सामाईक न्यायालयाचा आदेश सदस्य देशात त्याच्या स्वतःच्या वरिष्ठ न्यायालयाच्या आदेशासारखा बजावला जातो. परदेशी मानायचा प्रश्नच नाही. २०१३ मध्ये शनीक मायरी या जमैकन तरुणीला बार्बाडोसच्या विमानतळावर अपमानास्पद झडती घेऊन परत पाठवल्याबद्दल त्या न्यायालयाने ७७,२४० बार्बाडोस डॉलरची भरपाई ठरवली, आणि बार्बाडोसने कुरकुरत का होईना, ती दिली. पूर्व आफ्रिकी समुदायाच्या करारातही पैशाच्या हुकुमांपुरती सोपी सोय आहे: निबंधकाने निकाल खरा असल्याची खात्री केली की बजावणी सुरू. एका शब्दाच्या निवडीने इतका फरक पडतो.

झिंबाब्वेत पहिली कडी तुटली तरी शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत मात्र ती चालली. न्यायाधिकरणाने जून २००९ मध्ये झिंबाब्वेवर खटल्याचा खर्च लादला होता. तो आदेश फेब्रुवारी २०१० मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने नोंदवला आणि झिंबाब्वे सरकारच्या मालकीच्या, केप टाउनमधल्या केनिलवर्थ उपनगरातल्या एका घरावर जप्ती आली. दूतावासाच्या कामात नसलेली, भाड्याने दिलेली मालमत्ता. तिला राजनैतिक संरक्षण लागत नव्हतं. झिंबाब्वे थेट घटनापीठापर्यंत, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयापर्यंत लढला. २७ जून २०१३ च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती मोगोएंग यांनी सांगितलं की कलम ३२ स्वीकारलं तेव्हाच झिंबाब्वेने हे सार्वभौम संरक्षण सोडलं होतं. आणखी एक अडचण होती: दक्षिण आफ्रिकेचा परदेशी निकालांचा कायदा आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाला लागू होत नव्हता. म्हणून घटनापीठाने रूढ कायदाच, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा, पुढे नेला आणि त्यात प्रादेशिक न्यायाधिकरणं बसवली. घराचा लिलाव २०१५ मध्ये झाला. तोपर्यंत ज्या न्यायाधिकरणाचा आदेश बजावायचा, त्याचे न्यायाधीश घरी गेलेले होते.

कुंपण आणि शेत

चौथी कडी शिखर परिषदेची. न्यायाधिकरणाने तीनदा परिषदेला कळवलं: जुलै २००८ मध्ये अंतरिम आदेश मोडल्याबद्दल, जून २००९ मध्ये अंतिम निकाल न पाळल्याबद्दल, आणि जुलै २०१० मध्ये पुन्हा. मधल्या काळात माउंट कार्मेलवर काय चाललं होतं? जून २००८ च्या अखेरीस कॅम्पबेल, त्यांच्या पत्नी आणि जावई बेन फ्रीथ यांना पळवून नेऊन बेदम मारहाण झाली. २००९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात शेतावरची दोन्ही घरं जळाली. राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांनी निकाल जाहीरपणे धुडकावला. परिषदेने काहीच केलं नाही. सहमतीने निर्णय घेणारी संस्था आपल्यातल्या एका ज्येष्ठ नेत्याविरुद्ध कारवाई कशी करणार? कुंपणाने शेत खायला इथूनच सुरुवात झाली.

ऑगस्ट २००९ मध्ये झिंबाब्वेच्या कायदामंत्र्यांनी तो २००१ चा आडमार्ग बाहेर काढला: दुरुस्तीला देशांच्या संसदांची मान्यताच मिळालेली नाही, म्हणून न्यायाधिकरण कधी अस्तित्वातच आलेलं नाही आणि आमच्यावरचे सगळे निकाल शून्यवत आहेत. स्वतः न्यायाधीश पाठवला होता, वकील उभे केले होते, हे सगळं विसरून. तरी मुद्दा चिकटला. ऑगस्ट २०१० मध्ये विंडहुकच्याच बैठकीत परिषदेने ठरवलं की न्यायाधिकरणाच्या अधिकारांचा आढावा घ्यावा आणि तोवर नवे खटले घेऊ नयेत.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडत होती, आणि शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिच्यात आहे. २००५ मध्ये नेमलेल्या न्यायाधीशांची पाच वर्षं संपत होती. परिषदेने मुदतवाढ दिली नाही, जागा भरल्या नाहीत. न्यायाधिकरण बरखास्त करायला तीन चतुर्थांश सदस्य लागले असते, आणि उघड चर्चा झाली असती. जागा रिकाम्या ठेवायला काहीच लागलं नाही. गणसंख्या नाही म्हणून न्यायालय नाही. 'उत्तराधिकारी येईपर्यंत जुना न्यायाधीश काम पाहील' एवढं एक वाक्य प्रोटोकॉलमध्ये असतं, आणि मुदत एकदाच पण लांब असती, तर ही वाट बंद असती. पुनर्नियुक्तीची शक्यता ठेवली की न्यायाधीशाच्या मानेवर कायम कुणाचा तरी हात राहतो. पैशाचंही तसंच. कॅरिबियन न्यायालयाचा खर्च १० कोटी अमेरिकन डॉलरच्या विश्वस्त निधीतून चालतो आणि न्यायाधीश स्वतंत्र आयोग नेमतो. सरकारं रुसली म्हणून तिथले दिवे मालवत नाहीत. सॅडेकमध्ये निवड आणि पैसा दोन्ही त्याच मेजावर होते.

आढाव्याचं काम बाहेरच्या तज्ज्ञांना दिलं होतं. २०११ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला: न्यायाधिकरण वैध आहे, निकाल बंधनकारक आहेत. परिषदेला हे उत्तर नको होतं. मे २०११ मध्ये तिने बंदी वाढवली. ऑगस्ट २०१२ मध्ये मोझांबिकच्या मापुतोला ठरलं की नवा प्रोटोकॉल करावा आणि न्यायाधिकरणाकडे फक्त देशादेशांतले वाद यावेत. १८ ऑगस्ट २०१४ रोजी व्हिक्टोरिया फॉल्सच्या बैठकीत त्यावर सह्या झाल्या. यजमान झिंबाब्वे, अध्यक्षपदी मुगाबे.

देशादेशांतले वाद नेणार कोण? सॅडेकच्या मूळ न्यायाधिकरणात एकाही देशाने दुसऱ्या देशाविरुद्ध खटला नेला नव्हता. शेजारी एकमेकांना कोर्टात खेचत नाहीत. खेचतात ती माणसं आणि कंपन्या. त्यांना वगळणं म्हणजे विहीर ठेवायची आणि रहाट काढून न्यायचा.

बाकीचे नेते गप्प का राहिले याला घाबरटपणा एवढंच उत्तर पुरत नाही. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात जमिनीचा प्रश्न तसाच धुमसत होता. आज चेगुटू, उद्या आपलं शेत, हे त्यांना दिसत होतं. तरुण न्यायालयाच्या दुसऱ्याच खटल्यात प्रदेशाची सर्वांत दुखरी नस यावी हे दुर्दैव. पूर्व आफ्रिकी न्यायालयावरही असा प्रसंग आला: २००६ मध्ये प्रादेशिक विधानसभेवरच्या केनियाच्या सभासदांची निवड रोखणारा आदेश दिल्यावर काही आठवड्यांत करार दुरुस्त झाला, वरची अपील शाखा आली आणि दाद मागायला दोन महिन्यांची मुदत घातली गेली. न्यायालय जखमी झालं, पण जिवंत राहिलं. व्यक्तींना दाद मागायची वाट तिथे शाबूत राहिली आणि खटले येत राहिले, हा माझ्या मते निर्णायक फरक.

उशिरा आलेले निकाल

दक्षिण आफ्रिकेच्या विधिज्ञ संघटनेने आपल्याच राष्ट्राध्यक्षांना न्यायालयात नेलं. ११ डिसेंबर २०१८ रोजी घटनापीठाने ठरवलं की न्यायाधिकरण निलंबित करण्यात भाग घेणं आणि २०१४ च्या प्रोटोकॉलवर सही करणं हे जेकब झुमा यांचं वागणं घटनाबाह्य आणि अविवेकी होतं. कारण साधं: संसदेने मान्य केलेल्या कराराने नागरिकांना दिलेला न्यायालयात जायचा हक्क राष्ट्राध्यक्ष परदेशातल्या बैठकीत एका सहीने काढून घेऊ शकत नाहीत. २०१९ मध्ये सिरिल रामफोसा यांनी ती सही मागे घेतली. प्रादेशिक संस्थेचं रक्षण करायला शेवटी राष्ट्रीय न्यायालयच उभं राहिलं, पण एका देशाचं.

जमिनीच्या पैशाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. हॉलंडशी झिंबाब्वेचा गुंतवणूक संरक्षणाचा द्विपक्षीय करार होता. त्याखाली १३ डच शेतकऱ्यांनी जागतिक बँकेच्या लवादात दावा केला आणि एप्रिल २००९ मध्ये ८० लाख युरोंहून जास्त रकमेचा निवाडा मिळवला. तशीच शेतं, तेच सरकार. फक्त पासपोर्ट वेगळा. २९ जुलै २०२० रोजी झिंबाब्वे सरकारने शेतकऱ्यांच्या संघटनांशी ३.५ अब्ज अमेरिकन डॉलरचा भरपाई करार केला, सुधारणांपुरता. जमिनीची भरपाई नाही, म्हणजे १६ब ची रेघ कायम.

टेंबानी आणि फ्रीथ यांनी शेवटचा प्रयत्न आफ्रिकी मानवी हक्क आयोगाकडे केला. झिंबाब्वेसह चौदा देशांविरुद्ध तक्रार: तुम्ही मिळून आमचं न्यायालय बंद केलंत, हा आफ्रिकी सनदेतल्या न्याय मागायच्या हक्काचा भंग आहे. २०१३ च्या अखेरीस आयोगाने ती फेटाळली. न्यायालयांचं स्वातंत्र्य जपायची सनदेतली हमी सदस्य देशांच्या आपापल्या न्यायालयांपुरती आहे, सामाईक न्यायाधिकरणाला ती लागू होत नाही, असं आयोगाचं म्हणणं पडलं. २८ नोव्हेंबर २००८ चा मूळ निकाल मात्र कुणी रद्द केलेला नाही. कलम १६ प्रमाणे तो अंतिम आणि बंधनकारक आहे.